पोर्तुगीज गोव्याच्या नोटा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गोव्यातल्या पोर्तुगीज अमदानीतील कागदी चलनाबद्दल आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न येथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आजीच्या पेटीत पोर्तुगीज भाषेतल्या नऊ नोटा मिळाल्या. सगळ्यांवर ‘बांको नासिओनाल उल्त्रामारिनो’ असे छापले आहे. म्हणजे सगळ्या गोव्याच्याच ना? (सावंतवाडी)

उत्तर : तसे धरून चालू नका. ही बँक १८६४ मध्ये लिस्बनला स्थापन झाली आणि १८६८ मध्ये तिची गोव्यात शाखा निघाली. पण मोझांबिक, मकाव, तिमोर अशा इतर पोर्तुगीज वसाहतींच्या नोटाही हीच बँक काढत असे. त्यामुळे बँकेच्या नावावरून काहीच ठरत नाही. आधी प्रदेशाचे नाव शोधा. गोव्याच्या नोटांवर काळानुसार ‘नोव्हा गोवा’ (म्हणजे पणजी), ‘इंडिया पोर्तुगेझा’ किंवा ‘एस्तादो दा इंडिया’ असा उल्लेख सापडतो. मग चलनाचे नाव वाचा. ‘तांगा’ किंवा ‘रुपिया’ असेल तर नोट गोवा-दमण-दीवची. ‘एस्कुदो’ असेल तर मात्र थांबा, कारण एस्कुदो मोझांबिकमध्येही होता आणि तिमोरमध्येही.

गोमंतकीय आणि तळकोकणातल्या घरांत सर्वांत जास्त घोटाळा मोझांबिकच्या नोटांचा होतो. कितीतरी माणसे नोकरीसाठी मोझांबिकमधल्या लोरेंसो मार्किस आणि बैरा या शहरांत गेली होती, परतताना उरलेल्या नोटा पेटीत आल्या आणि पुढच्या पिढीने त्या गोव्याच्या समजून जपल्या. त्यांवर ‘मोझांबिक’ हा शब्द असतोच. १०० एस्कुदोंच्या नोटेवर आयरेस द ओर्नेलास यांचे चित्र दिसले किंवा नोटेवर ‘बांको द मोझांबिक’ असा वरून मारलेला ठसा दिसला, तर ती नक्की तिथली. तो ठसा १९७६ मधला आहे. अशा नोटा मुबलक असल्याने बाजारात त्यांना फारसा भाव नाही. मकावच्या नोटांवर ‘पाताका’ हे चलन आणि चिनी लिपी असते, त्यामुळे त्या लगेच ओळखू येतात. जॉर्ज सहाव्याचे चित्र असलेल्या शिलिंगच्या नोटा निघाल्या, तर त्या ब्रिटिश पूर्व आफ्रिकेच्या, पोर्तुगीजांशी त्यांचा संबंध नाही.

तिमोरकडे जरा जास्त लक्ष द्या. गोव्याच्या शेवटच्या मालिकेवर २ जानेवारी १९५९ ही तारीख आहे आणि तिमोरच्या एका मालिकेवरही नेमकी हीच तारीख आहे. त्यातही ३०, ६० आणि १०० एस्कुदोंच्या नोटा आहेत. फरक चित्रात आहे. गोव्याच्या नोटेवर गोवा जिंकणारा आफोन्सो द आल्बुकेर्क आहे, तर तिमोरच्या नोटेवर तिथला गव्हर्नर सेलेस्तिनो दा सिल्वा. तारीख आणि आकडा जुळला म्हणून घाईने पैसे मोजणारे इथेच फसतात.

गोव्याच्या ठरल्यावर तारीख पाहा. १९०६ च्या आधीच्या नोटा बँकेच्या नव्हेत, पोर्तुगीज सरकारच्या असत, आणि त्या घरगुती पेटीत सापडणे फारच विरळा. बँकेच्या मुख्य मालिका १९०६, १९१७, १९२४, १९३८, १९४५ आणि १९५९ या तारखांच्या. नोटेवरची तारीख मालिकेची असते. नोट प्रत्यक्ष त्याच वर्षी छापली किंवा वापरात आली असे तिच्यावरून ठरत नाही.

प्रश्न : ३०, ६०, ३००, ६०० असे विचित्र आकडे नोटांवर का? (पुणे)

उत्तर : कारण १ रुपिया ६ एस्कुदोंना बदलला गेला. पूर्वी रुपियाचे १६ तांगा होत, ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाच्या १६ आण्यांसारखेच. १९५० च्या दशकाच्या शेवटी पोर्तुगीजांनी रुपिया काढून एस्कुदो आणला. लोकांच्या हातात ५, १०, ५० आणि १०० रुपियांच्या नोटांची सवय होती. त्यांच्या जागी बरोबर ३०, ६०, ३०० आणि ६०० एस्कुदोंच्या नोटा बसल्या. दुकानदाराला जुन्या ‘पाचाची’ जागा ३० ने घेतली एवढे कळले की हिशेब सुटत असे. १०० आणि १००० एस्कुदोंच्या नोटा मात्र जुन्या हिशेबात बसत नाहीत. १०० एस्कुदो म्हणजे १६ रुपिया आणि वर दोन तृतीयांश.

प्रश्न : ४ तांगा आणि ८ तांगा इतक्या लहान रकमेच्या नोटा कशासाठी काढल्या? त्या मिळतात का? (कणकवली)

उत्तर : ४ तांगा म्हणजे पावली आणि ८ तांगा म्हणजे अधेली. १९१७ च्या मालिकेत या दोन्ही नोटा आहेत, सोबत १ रुपिया आणि अडीच रुपियाही. पहिले महायुद्ध चालू होते, चांदी महागली होती आणि नाणी पाडणे जड झाले होते. इकडे ब्रिटिश सरकारनेही ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढली आणि त्याच सुमारास २ रुपये ८ आण्यांची. कारण दोन्हीकडे एकच होते, आणि दोन्हीकडच्या अडीचच्या नोटा शेजारी ठेवल्या की त्या काळची टंचाई डोळ्यांपुढे उभी राहते.

लहान रकमेची नोट रोज बाजारात फिरते, घामेजल्या हातांतून जाते, कनवटीला लागते, फाटते आणि टाकून दिली जाते. मोठी नोट घरात पडून राहते. म्हणून तांग्याच्या नोटा चांगल्या स्थितीत मिळणे कठीण. मधोमध फाटलेली, कोपरे गेलेली नोट मिळाली तरी ती टाकाऊ समजू नका. या गटात तशी नोटही संग्रहात ठेवण्याजोगी असते.

प्रश्न : नोटा प्लास्टिकच्या अल्बममध्ये ठेवल्या होत्या. दोन पावसाळ्यांत त्यांवर तपकिरी ठिपके आले आणि प्लास्टिक चिकट झाले. आता काय करावे? (रत्नागिरी)

उत्तर : चिकटपणा प्लास्टिकचा दोष आहे आणि ठिपके दमटपणाचे, म्हणून दोन्हींचे उपाय वेगळे.

तुमचा अल्बम बहुधा पीव्हीसीचा आहे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्ये मिसळतात. ती हळूहळू बाहेर येऊन कागदात मुरतात, शाई उचलतात आणि आम्लही सुटते. नव्या रेनकोटसारखा वास येणारे पाकीट घेऊच नका. शंका असेल तर त्या प्लास्टिकची चाचणी करता येते. तांब्याची तार पक्कडीत धरून ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा, प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते पीव्हीसी. धूर विषारी असतो, म्हणून हे उघड्यावर आणि तुकडा नखाएवढा घेऊनच करा. योग्य पाकीट पॉलिएस्टरचे असते, बाजारात त्याला मायलार म्हणतात. ते काचेसारखे स्वच्छ, थोडे कडक आणि बिनवासाचे असते. नोटेपेक्षा दोन्ही बाजूंनी साधारण ५ मिलीमीटर मोठे घ्या. नोट आत ढकलावी लागली तर कोपरा दुमडतो, आणि दुमडलेल्या कोपऱ्यामुळे नोटेचा दर्जा एक पायरी खाली उतरतो.

चिकट पाकिटातून नोट ओढून काढू नका. पाकिटाच्या तीन कडा ब्लेडने कापा, वरचे प्लास्टिक पुस्तकाच्या पानासारखे उघडा आणि मग नोट सपाट उचला. कुठे चिकटली असेल तर तिथेच थांबा.

आता ठिपके. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. कोकणात जून ते सप्टेंबर ती सहज ८०-९० वर असते. कागदाला ४५ ते ५५ टक्के मानवते. पाकिटे घट्ट झाकणाच्या डब्यात उभी ठेवा. साधारण १० लिटरच्या डब्याला ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेल पुरते, ते पुरचुंडीत बांधून नोटांना न टेकता ठेवा. रंग बदलणारे जेल घेताना नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्ट असते, ते घरात नको. रंग उतरला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून ते पुन्हा वापरता येते. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा न बघता जेल टाकणे म्हणजे अंधारात हात मारणे. आणि उलटेही होते : जेल प्रमाणाबाहेर टाकले, आकडा ३० च्या खाली गेला, तर जुना कागद ठिसूळ होऊन घडीवर तुटतो.

पांढरट किंवा हिरवट लव दिसत असेल तर बुरशी जिवंत आहे. ती नोट लगेच इतरांपासून वेगळी करा, पंखा नसलेल्या कोरड्या खोलीत दोन-तीन दिवस टिपकागदावर ठेवा, मग मास्क लावून मऊ ब्रशने मधून कडेकडे हलकेच झाडा. उन्हात टाकू नका, शाई उडते. तपकिरी डाग तसेच राहू द्या. ते घालवायला ब्लीच किंवा लिंबू लावले की डाग जातो खरा, पण कागदही जातो.

कसर लागली असेल तर नोटा पाकिटांसह झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर नोटांवर पाणी धरते. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लास्टिक आणि शाई दोन्हींना बाधते.

प्रश्न : नोटांच्या गठ्ठ्याला गंजलेली टाचणी आहे. एका नोटेला मागून चिकटपट्टी लावलेली आहे. काढू का? (म्हापसा)

उत्तर : टाचणी काढा, चिकटपट्टी राहू द्या. टाचणी सरळ ओढली तर गंजाचे खवले भोकाची कड फाडतात. टाचणीखाली दोन्ही बाजूंनी पातळ पॉलिएस्टरची पट्टी सरकवा, म्हणजे गंज कागदाला न घासता पट्टीला घासेल, आणि टाचणी ज्या रेषेत गेली त्याच रेषेत मागे घ्या. चिकटपट्टीचा गोंद मात्र कागदाच्या तंतूंत उतरलेला असतो. ओढली तर शाईचा थर तिच्यासोबत येतो. नोट मोलाची असेल तर कागद-संवर्धकाला दाखवा. ‘इन्टॅक’ या वारसा जपणाऱ्या संस्थेची कला-संवर्धन केंद्रे आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील संवर्धन विभाग यांच्याकडे असे काम जाणणारी माणसे आहेत.

लॅमिनेशन कधीही करू नका. लॅमिनेट केलेली नोट परत पूर्ववत होत नाही, आणि संग्राहकाच्या दृष्टीने तिचे मोल जवळजवळ संपते.

प्रश्न : इंटरनेटवर १९०६ ची ५ रुपियांची नोट विकायला दिसली. छायाचित्र झकास आहे. बनावट कशी ओळखावी? (मुंबई)

उत्तर : नुसत्या छायाचित्रावरून खात्री होत नाही, पण नकार मात्र देता येतो. आधी नोटेचा क्रमांक शोधा. त्याच क्रमांकाची नोट जुन्या लिलावांच्या पानांवर दिसली, आणि डाग-घड्या वेगळ्या असल्या, तर दोन्हींतली एक नक्कल आहे. बनावट करणारा बहुतेक वेळा एकच चित्र उचलून शंभर प्रती छापतो. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे स्कॅन, उजेडासमोर धरलेले छायाचित्र आणि मोजपट्टी शेजारी ठेवलेले छायाचित्र मागा. लांबी-रुंदी संग्राहकांच्या यादीतल्या मापाशी ताडून पाहा. वापरलेल्या नोटेत १-२ मिलीमीटरचा फरक चालतो, ५ चा नाही.

नोट हातात आल्यावर दहापट भिंग लावा. खऱ्या छपाईत रेघ सलग दिसते, शाई एका रंगाची असते. रंगीत प्रिंटरच्या नकलेत तीच रेघ निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची बनलेली दिसते. बहुतेक नकला इथेच पकडल्या जातात. मग नोट तिरप्या उजेडात धरा. क्रमांक ठशाने छापलेला असेल तर मागच्या बाजूला त्याचा किंचित उठाव जाणवतो.

त्यानंतर अतिनील दिवा, ३६५ नॅनोमीटरचा. कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात चमकद्रव्य घालण्याची पद्धत साधारण १९५० च्या सुमारास रूढ झाली. १९०६, १९१७ किंवा १९२४ ची नोट अंधारात या दिव्याखाली फिकी, मातकट दिसायला हवी. ती निळसर पांढरी झगमगली तर कागद नवा आहे. एक अपवाद लक्षात ठेवा : कोणी खरी नोट कपड्यांच्या साबणाने धुतली असेल तर तीही चमकते, कारण साबणातही तेच द्रव्य असते. अशी नोट खोटी नसली तरी बिघडलेली आहे.

जुनेपणा आणण्यासाठी चहा-कॉफीच्या पाण्यात बुडवलेली नोट दोन्ही बाजूंनी सारखी पिवळी होते. खरा मळ घड्यांवर, कडांवर आणि अंगठा लागतो त्या जागी दाट असतो, मधला भाग उजळ राहतो.

१९०६ च्या नोटांवर बँकेचा जहाजाचा शिक्का असतो. शिक्क्यांचे प्रकार एकाहून अधिक आहेत, आणि त्यावरून त्याच रकमेच्या नोटेची किंमत बदलते. म्हणून शिक्का पुसट असेल तर त्याचा जवळून घेतलेला फोटो वेगळा मागा. शिक्क्यातल्या तीन शब्दांचा अर्थ ‘वसाहती, व्यापार, शेती’ असा आहे. हे बँकेचे ब्रीद. पैसे देण्याआधी ‘बनावट निघाल्यास अमुक दिवसांत परत’ हे लेखी घ्या, आणि पाकीट उघडताना सलग चित्रफीत करा.

प्रश्न : लिलावाच्या यादीत व्हीएफ २५, एक्सएफ ४०, युएनसी ६४ असे लिहितात. म्हणजे काय? माझी नोट नवीकोरी दिसावी म्हणून इस्त्री करून घेऊ का? (नाशिक)

उत्तर : इस्त्री करू नका. आकडे ७० च्या मापावर असतात. ६० च्या वर न वापरलेली (युएनसी), ५० ते ५८ जवळजवळ न वापरलेली, ४० ते ४५ (एक्सएफ) म्हणजे दोन-तीन हलक्या घड्यांची, २० ते ३५ (व्हीएफ) बऱ्यापैकी वापरलेली पण अंगात ताठरपणा असलेली, १२ ते १५ मऊ पडलेली, आणि त्याखाली जीर्ण. घड्या मोजायच्या तर खोलीत अंधार करा, टॉर्च नोटेच्या कडेला जवळजवळ आडवी धरा आणि नोट हळूहळू फिरवा. सपाट दिसणाऱ्या नोटेवर मधली उभी घडी सावलीसारखी उमटते. घडीवर शाई तुटलेली असेल तर दर्जा आणखी खाली जातो.

इस्त्रीने किंवा धुऊन दाबल्याने घडी दिसेनाशी होते, पण क्रमांकाचा उठाव मरतो, कागद निर्जीव लागतो आणि रंग पांढुरका होतो. दर्जा ठरवणाऱ्या संस्था हे ओळखतात आणि तसा शेरा मारतात. घडी असलेली प्रामाणिक नोट ‘सुधारलेल्या’ नोटेपेक्षा नेहमी बरी.

प्रश्न : या नोटा बँकेत बदलून मिळतील का? एका माणसाने फोनवर एका नोटेचे पाच लाख सांगितले, आधी ‘नोंदणी फी’ भरायची आहे. (कुडाळ)

उत्तर : बदलून मिळणार नाहीत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ते चलन संपले. मूळ बँक २००१ मध्ये पोर्तुगालच्या काइशा जेराल द देपोझितोस या बँकेत विलीन झाली. नोटेचे मोल आता फक्त संग्राहक देतो. आणि जो विकत घेणार, तो आधी तुमच्याकडूनच पैसे कशाला मागेल? अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता : जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नाही, आमच्या नावाने कोणी फी, कमिशन किंवा कर मागितला तर देऊ नका. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवा.

प्रश्न : संग्रह कॅनडातल्या मुलीकडे पाठवायचा आहे. १९१७, १९४५ आणि १९५९ च्या नोटा आहेत. (ठाणे)

उत्तर : १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ऐतिहासिक महत्त्वाच्या दस्तऐवजांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. १९१७ च्या नोटा शंभरी ओलांडून गेल्या, त्या इथेच ठेवा. १९४५ च्या नोटा पंचाहत्तरी ओलांडून गेल्या आहेत. त्या कोणत्या गटात धरायच्या हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ठरवेल, म्हणून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला त्यांच्याकडून मागा. १९५९ च्या नोटा २०३४ पर्यंत पंचाहत्तरीही गाठत नाहीत, तरी कस्टम्ससमोर दाखवायला दाखला जवळ असलेला चांगला. परदेशातल्या संस्थेकडे दर्जा ठरवायला नोट पाठवणे हेही देशाबाहेर पाठवणेच आहे, हे बरेच जण विसरतात.

प्रश्न : मी अगदी नवा आहे. सुरुवात कुठून करू? (कोल्हापूर)

उत्तर : १९५९ च्या मालिकेपासून. सहा नोटा आहेत : ३०, ६०, १००, ३००, ६००, १०००. संग्राहकांच्या जागतिक यादीत त्यांचे पिक क्रमांक ४१ ते ४६ आहेत. विक्रेत्याशी बोलताना हा क्रमांक सांगितला की गैरसमजाला जागा राहत नाही. त्या जेमतेम तीन वर्षे वापरात होत्या, सगळ्यांवर आल्बुकेर्क आहे, आणि ३० व ६० च्या नोटा शोधल्या तर मिळतात. पहिली खरेदी मुद्दाम स्वस्त, वापरलेली घ्या. भिंग, दिवा, टॉर्च यांचा सराव तिच्यावर करा. खरी छपाई डोळ्यांत बसली की पुढे १९४५ च्या रुपियांकडे वळा. तीही आल्बुकेर्कचीच मालिका, २९ नोव्हेंबर १९४५ या तारखेची, ५ ते ५०० रुपियांपर्यंत.

प्रत्येक नोटेसाठी एक कार्ड करा : पिक क्रमांक, तारीख, नोटेचा क्रमांक, मिलीमीटरमध्ये माप, दोष, कुठून आणि कितीला घेतली. कार्ड पाकिटात नको, वेगळ्या डब्यात ठेवा आणि पेन्सिलीने लिहा. खऱ्या नोटा डोळ्यांखालून घालायच्या असतील तर मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाणे-नोटा संग्रहालय आहे आणि बंगळुरूला २०२० पासून भारतीय कागदी चलनाचे स्वतंत्र संग्रहालय आहे.

प्रश्न : ‘रुपी’ लिहिलेली फ्रेंच नोट गोव्याच्या संग्रहात धरावी का? (बेळगाव)

उत्तर : ती पाँडिचेरीची असेल. तिथल्या नोटा ‘बाँक द लँदोशीन’ या फ्रेंच बँकेने काढल्या. हीच बँक व्हिएतनाम, न्यू कॅलेडोनिया आणि जिबूतीच्या नोटाही काढत असे. म्हणून इथेही बँकेच्या नावावर जाऊ नका, ‘पाँडिशेरी’ हा शब्द आणि ‘रुपी’ हे चलन दोन्ही आहेत का ते पाहा. संग्रह वेगळा ठेवा, पाकीट आणि कार्ड मात्र त्याच पद्धतीचे.